यंदा शेवंतीला कळ्या नाहीत

४ सप्टेंबर

मोबाईल बाबांकडे जप्त आहे, म्हणून हाताने लिहितोय. अक्षर घाण आहे, पण वाचणारा मी एकटाच, त्यामुळे तक्रार यायची नाही.

मला आत्याकडे पाठवलंय. शिक्षा म्हणून. गुन्हा एवढाच की घरातली सगळी घड्याळं मी तासभर पुढे केली. बाबांच्या मनगटावरचं पण, ते आंघोळीला गेले तेव्हा. आयुष्यभर उशिरा जाणारा माणूस आठवडाभर सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचला. साहेबांनी पाठ थोपटली आणि ऑफिस उघडायच्या किल्ल्या कायमच्या बाबांकडे दिल्या. मग भानगड कळली. किल्ल्या काही साहेबांनी परत घेतल्या नाहीत.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा जगात फक्त तिला घाबरतात. एकटी राहते. तिचा मुलगा, म्हणजे दादा, गावाच्या दुसऱ्या टोकाला आठव्या मजल्यावर राहतो आणि महिन्यातून एकदा येऊन काळजी करून जातो.

मी पोचलो तर आत्या दारात उभी होती. मी वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "वाळलास." मी मागच्या खेपेपेक्षा चांगला दुप्पट झालोय.

७ सप्टेंबर

फाटकापासून दारापर्यंत पायवाट, एका बाजूला गुलाब, दुसऱ्या बाजूला शेवंती, नळापाशी जर्बेराच्या कुंड्या. याला बाग म्हणायचं. हंगामी रोपं ती लावत नाही. "येतात, मिरवतात, मरतात," म्हणते. "त्यापेक्षा ही बरी. दरवर्षी तीच तोंडं."

आज शेवंतीचे शेंडे खुडायला शिकवलं. तिने बोटांनी चाचपून दाखवलं, बघायची गरजच नाही म्हणे. "शेंडा गेला की खालून फांद्या फुटतात. जितकं खुडशील तितकं झाड भरतं. पण एकदा कळी धरली की हात लावायचा नाही. तेव्हा खुडलंस तर वर्ष गेलं."

मी म्हटलं, "बोर्डाने मला दोनदा खुडलंय. फांदी काही फुटली नाही."

"तुला मुळातच खत कमी," ती म्हणाली.

इथे दिवस बरे जातील असं वाटतं.

१३ सप्टेंबर

फाटकाजवळचा एक गुलाब दोन वर्षं फुललेला नाही. आत्या रोज त्याच्यापाशी उभी राहून उसासा टाकते. मला बघवेना. बाहेरच्या खोलीत फुलदाणीत कापडी फुलं आहेत, त्यातलं एक लाल काढलं आणि तारेने फांदीला बांधलं. पान जरा पुढे ओढून तार झाकली. काम सुबक झालं.

आत्या आली, थांबली, मान तिरकी करून बघितलं. "आला का शेवटी," म्हणाली. "लाल आहे ना रे?"

"लालभडक," मी म्हटलं.

"हा पिवळा असायचा. कलमाच्या खालून मूळच्या रानटी गुलाबाचा फुटवा आला असणार." आणि झारीभर पाणी घातलं त्याला.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि हसून घेतलं.

१५ सप्टेंबर

अजून ओरडा नाही. रोज पाणी घालते. आज तर शेणखत पण टाकलं. ज्याला कळतच नाही त्याची फजिती करून मजा कसली. मी वाट बघतोय.

१९ सप्टेंबर

आज डोक्यात प्रकाश पडला. तिला पहिल्याच दिवशी कळलंय. ती मला खेळवतेय. कापडाच्या फुलाला खत घालताना जिचा चेहरा हलत नाही, ती बाई साधी नाही.

खात्री करायला मी भांडी घासायचा पिवळा स्पंज काडीला टोचून जर्बेराच्या कुंडीत रोवला. ती चहाचा कप घेऊन बाहेर आली. "यंदा पिवळा जर्बेरा मोठा आलाय," म्हणाली. ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. मला तिच्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला. आमच्या गल्लीतली पोरं हिच्यापुढे काहीच नाहीत.

२२ सप्टेंबर

तिने उत्तर दिलं. चहात मीठ. मी पूर्ण कप शांतपणे प्यायलो आणि म्हटलं, "मस्त झालाय."

"अजून घेतोस?"

घेतला. नाही म्हटलं असतं तर हरलो असतो. दुपारपर्यंत पोटात समुद्र होता.

३० सप्टेंबर

आजचा प्रकार लिहून ठेवायलाच हवा, नाहीतर पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही. माझा निळा शर्ट दोरीवर वाळत होता. आत्या त्याच्यासमोर उभी राहून त्याला बोलत होती. बाजारातून काय आणायचं, दळण कधी टाकायचं, बापाला फोन कर, सगळं. मग म्हणाली, "ऐकतोयस का? नुसता उभा राहू नकोस."

मी तिच्या मागे उभा होतो. "ऐकतोय," म्हटलं. ती दचकली पण लगेच सावरली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली, जसं काही त्यासाठीच आली होती. काय अभिनय आहे. शर्ट बिचारा ऐकून घेत होता.

मी ठरवलंय, हिच्याकडून जमेल तेवढं शिकून घ्यायचं.

१० ऑक्टोबर

सकाळी ती गुलाबांच्या फांद्या छाटत होती, हातात जाड मोजे. मधेच म्हणाली, "शेवंतीला कळ्या धरल्यात का, बघ जरा."

शेवंती तिच्या पायाशी होती. प्रत्येक शेंड्यावर मिरीएवढी हिरवी कळी. आंधळ्यालाही दिसली असती. मी मनात म्हटलं, बाई मलाच चाचपतेय. तोंड सरळ ठेवून म्हणालो, "एकसुद्धा नाही."

"अजून नाही? उशीर झाला यंदा. मग शेवटचं एकदा खुडून घेते."

ती तशीच मोजे घालून खाली बसली आणि खुडायला लागली. मी वाट बघत होतो, आता थांबेल आणि माझ्याकडे बघेल. पहिलं झाड झालं. दुसरं झालं. थट्टेसाठी कुणी इतकं करत नाही. ही तिची शेवंती आहे, नुसत्या पानावर डाग दिसला तरी तिला जेवण जात नाही.

मी म्हटलं, "आत्या, पुरे आता."

"का, बघून दमलास?"

मी तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसलो आणि जीभ बाहेर काढली. चांगली लांब. ती खुडत राहिली. मग मान वर करून माझ्या बाजूला कुठेतरी बघत म्हणाली, "कुठे गेलास रे?"

जीभ आत घेतली. "इथेच आहे," म्हटलं.

तोवर सगळा वाफा झाला होता.

१० ऑक्टोबर, परत

मीठ, शर्ट, सगळं परत वाचलं. वर जे लिहिलंय ते गाढवाने लिहिलंय.

स्पंज काढून आणला. कापडी गुलाब सोडवला. त्याच्या बुंध्याशी माती अजून ओली होती.

११ ऑक्टोबर

खुडलेलं गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकायचं असतं. आज त्यासाठी आत्याने मोजे काढले. मूठ भरली आणि तशीच बसून राहिली. मग मला हाक मारली.

"या कळ्या आहेत."

"हो."

"तू नाही म्हणालास."

"मला वाटलं तुला दिसतायत."

"दिसत असतं तर विचारलं कशाला असतं?"

मी पडलेले शेंडे गोळा करायला लागलो.

ती कळ्या एका हातातून दुसऱ्या हातात ओतत होती. वर्ष झालं म्हणाली. आधी कडेचं जायला लागलं, आता मधलंही धुरकट. एका बाजूने कुणी आलं तर कळतच नाही. घर पाठ आहे म्हणून चालतंय. आणि बाग बोटांना ठाऊक आहे. होती.

"दादाला सांगायचं नाही," म्हणाली. "कळलं की दुसऱ्या दिवशी टेम्पो आणेल. आठव्या मजल्यावर बाल्कनी आहे म्हणतो. त्या बाल्कनीत कपडे धुवायचं यंत्र आहे आणि सायकल. मी कुठे बसू, सायकलवर?"

मी म्हटलं, "नाही सांगणार."

"शेवंती पुढच्या वर्षी येईल," ती म्हणाली. "मुळं आहेत जागेवर." मग हातातल्या कळ्या खाली ठेवून, "मला दिसेल का, ते नाही माहीत."

मी आत जाऊन चहा केला. साखर घातली. चव घेऊन बघितली.

१९ ऑक्टोबर

आठवडाभर तालीम चाललीय. उद्या दादा येतोय. तो नेहमी खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो, म्हणजे आत्याने बोलताना तिकडे बघायचं. चहा मी आणायचा. तिने फक्त "घे" म्हणायचं, हात पुढे करायचा नाही. त्याने काही वाचायला दिलं तर मी मधे पडायचं.

"आणि त्याने नवा शर्ट घातला असेल तर?" ती म्हणाली. "नेहमी विचारतो, कसा आहे म्हणून."

"रंग जरा भडक आहे म्हण. त्याचे सगळेच भडक असतात."

"शिकलेला नाहीस ते बरंय," आत्या म्हणाली. "शिकला असतास तर तुरुंगात असतास."

२० ऑक्टोबर

आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम आज झालं.

दादा आला, खुर्चीत बसला. आत्या बरोब्बर त्याच्या तोंडाकडे बघून बोलली. शर्ट भडक आहे म्हणाली. दादा शर्टाकडे बघत राहिला, मग बायकोने घेतलाय म्हणाला. त्याने विजेच्या कंपनीचा कागद पुढे केला, मी तो मधेच घेतला आणि इतकं चुकीचं वाचलं की त्याने वैतागून काढून घेतला. मग बाहेर गेला.

"शेवंतीला यंदा कळ्या नाहीत?"

हे तालमीत नव्हतं. मी म्हटलं, "मी खुडल्या. मस्करीत."

त्याने लगेच विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर ते फारसं खोटं पण नव्हतं. "तुझ्याकडून दुसरं काय होणार," म्हणाला. "आई, कसं सहन करतेस गं याला?"

"सवय होते," आत्या म्हणाली.

जाताना तो म्हणाला, "फोनवर तू हल्ली भलत्यालाच नंबर लावतेस, म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ घेऊन ठेवली होती. पण ठणठणीत दिसतेस. रद्द करून टाकू?"

"टाक," आत्या म्हणाली.

फाटक लागल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसून हसलो. ती जरा जास्तच वेळ हसली.

२३ ऑक्टोबर

सकाळी मी गुलाबाच्या वाफ्यात उभा राहून मावा लागलेली पानं काढत होतो. आत्या झारी घेऊन आली आणि माझ्या पायावर पाणी घातलं. नीट, हळूहळू, मुळाशी घालतात तसं. मी हललो नाही. झारी संपेपर्यंत उभा राहिलो. मग ती पुढच्या झाडाकडे गेली.

त्या बाजूने तिला काहीच दिसत नाही आता. आणि डॉक्टरची वेळ आम्ही दोघांनी मिळून रद्द करवली. वीस तारखेला लिहिलंय ते सगळ्यात चांगलं काम म्हणून. ते खोडत नाही. राहू दे तसंच, दिसू दे.

२७ ऑक्टोबर

आत्याला म्हटलं, नवी नर्सरी निघालीय, गुलाबाची कलमं चांगली आहेत. ती लगेच चप्पल घालून तयार. रिक्षात बसल्यावर विचारत होती माती कसली वापरतात, माळी आहे की नुसताच दुकानदार. मी सगळ्याची उत्तरं देत होतो. खोटं बोलायला मला कधी एवढे कष्ट पडले नव्हते.

सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो.

"फिनेल कशाला मारलंय नर्सरीत?"

"कीड लागू नये म्हणून."

"आणि हे सगळे खोकतायत कोण?"

"गिऱ्हाईकं."

आत्याने पदर नाकाला लावला. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. मग आतून हाक आली आणि एका बाईने तिला यंत्रासमोर बसवलं. "आजी, हनुवटी इथे टेका."

"टेकू का रे?" आत्या माझ्या दिशेने म्हणाली. "कलमं बघायला टेकावीच लागते का?"

मी म्हटलं, "टेक, आत्या."

टेकली.

काचबिंदू आहे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सगळं स्पष्ट बोलल्या. एका डोळ्याचं जवळजवळ गेलंय, ते परत यायचं नाही. दुसऱ्यात बरंच शिल्लक आहे आणि ते राहू शकतं, पण थेंब घालायचे. रोज, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. चुकवायचे नाहीत. आधी आला असता तर बरं झालं असतं, म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या.

परतताना घराजवळ आल्यावर आत्या म्हणाली, "उठून चालती झाले असते. पण परतीचा रस्ता दिसत नव्हता."

२९ ऑक्टोबर

बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताटाशी बोलते. "भात घे," असं ताटाला सांगते.

थेंब स्वतःच घालणार म्हणाली. घातले. एक गालावर, एक कानात, एक उशीवर. बाटली अशीच चालली तर उशीला छान दिसायला लागेल.

३१ ऑक्टोबर

संध्याकाळी खुर्चीत येऊन बसली, मान मागे टाकली आणि म्हणाली, "घाल."

तिचा डोळा उघडा होता, माझ्याकडे. घातला. बरोब्बर आत.

"झालं?"

"झालं."

"मग दादाला फोन लाव. भलत्याला लावू नकोस."

तिने स्वतः सांगितलं त्याला. सगळं. मी मधे पडलो नाही.

२ नोव्हेंबर

दादा आला. आधी मला बोलला. जे बोलला ते लिहीत नाही, पण बरोबर होतं. मग आत्याला म्हणाला, "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू टेम्पो आणला असतास."

"आणलाच असता. तू पडली असतीस म्हणजे?"

"कुठे पडणार, माझ्याच अंगणात?"

"आई, तू माझ्या शर्टाला भडक म्हणालीस. पांढरा होता तो."

आत्याने मान खाली घातली. ती तालीम माझी होती, आणि त्या दिवशी शर्टाकडे मी बघितलंच नव्हतं. दादा उठून नळापाशी गेला आणि बराच वेळ तोंड धुतलं. तोंड आधीच स्वच्छ होतं.

परत आल्यावर हळू बोलला. त्याला वाईट वाटून घ्यायचं नाहीये, भांडायचं नाहीये. त्याचं म्हणणं एवढंच की तिला स्वतःला थेंब घालता येत नाहीत, तो आणि वहिनी दोघं कामावर जातात, रोज दोनदा इतक्या लांब येणं जमणार नाही. घरात कुणीतरी पाहिजे.

"हा आहे की," आत्या म्हणाली.

"हा किती दिवस? मामा त्याला परत बोलावणारेत. मला स्वतः म्हणाले, आता राग गेला. तो गेला की तू माझ्याकडे येतेस. कबूल?"

आत्या शेवंतीच्या वाफ्याकडे बघत होती. म्हणजे त्या दिशेने. मग म्हणाली, "कबूल."

५ नोव्हेंबर

बाबांचा राग गेला ही चांगली बातमी आहे. मोबाईल परत मिळेल. पोरं वाट बघतायत. इथे संध्याकाळी सातनंतर बेडकांशिवाय कुणी बोलायला नाही. हे सगळं खरं आहे, म्हणून लिहितोय.

आज शेवंतीची झुडपं खाली कापली आणि गड्डे उकरून सोडवले. एका गड्ड्याचे चार-पाच होतात, प्रत्येकाला जराशी मुळं असली की बास. आत्या हाताने वेगळे करून देत होती, मी लावत होतो. फुलल्यावर करतात हे काम. यंदा फुलायचं नव्हतंच, म्हणून आधीच.

"इतके कशाला लावतोयस?" ती म्हणाली. "पाणी कोण घालणार?"

"तू जाणार आहेस म्हणून झाडांनी काय करायचं?"

ती हसली नाही. गड्ड्याची माती झटकून विचारलं, "तुला जायचंय ना?"

"मोबाईल मिळणारे."

"मग जा. तुझं वय आहे." आणि पुढचा गड्डा हातात दिला. तो मी उलटा लावला. परत काढून सुलटा लावला.

९ नोव्हेंबर

संध्याकाळी बाबांचा फोन आला, आत्याच्या मोबाईलवर. आवाज मऊ होता. आई आठवण काढते म्हणाले. सामान बांधून ठेव, रविवारी येतो न्यायला. मी "बरं" म्हटलं. बॅग पलंगाखाली होती, ती पायाने आणखी आत ढकलली.

"ताईला दे," बाबा म्हणाले. "तिला विचारतो, सुधारला का पोरगा."

मी फोन स्पीकरवर टाकून आत्याच्या हातात दिला. थेंब नुकतेच घातले होते, त्यामुळे ती डोळे मिटून बसली होती.

"काय ताई, आला का वळणावर?"

आत्या आयुष्यात खोटं बोललेली नाही असं बाबा नेहमी सांगतात. तिने आधी एक मोठा उसासा टाकला. ती चांगली उसासे टाकते.

"कसला वळणावर," म्हणाली. "पहिल्यापेक्षा वाया गेलाय. काल दूधवाल्याच्या सायकलची दोन्ही चाकं काढून झाडावर टांगली. तो बिचारा दूध डोक्यावर घेऊन चालत गेला."

पलीकडे टीव्ही बंद झाला.

"दूधवाल्याच्या?" बाबा म्हणाले.

"मी म्हणते ठेव अजून वर्षभर. मी सोडणार नाही त्याला. आत्ता नेलास तर या वेळी तुझ्या साहेबाच्या गाडीचं काहीतरी करेल."

बाबांनी आईशी कुजबुजून घेतलं. मग म्हणाले, "वर्ष कमी नाही ना पडणार?"

"बघू," आत्या म्हणाली, आणि फोन माझ्याकडे देताना डोळे मिटलेलेच ठेवले. तिच्या ओठाचा कोपरा हलत होता.

मी फोन बंद केला. ती म्हणाली, "दादाला मी सांगते उद्या." मी म्हटलं, "सांग."

एक अडचण आहे. बाबांचा स्वभाव मला माहीत आहे, ते चौकशी करतात. रविवारी माफी मागायला स्वतः दूधवाल्याकडे जाणार. तेव्हा त्या माणसाला सांगायला काहीतरी असायला हवं. तो पहाटेच येतो, सायकल फाटकाला टेकवून आत चहा घेतो. पाना आत्याने मघाशीच शोधून दिला, चाचपून. आधी थेंब, मग चाकं.